'फक्त मीच आहे' म्हणणाऱ्याशी वाद कसा घालावा?

प्रश्न : मॅडम, मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. माझ्या रूममेटने कुठलेसे व्हिडिओ पाहून सॉलिप्सिझम डोक्यात घेतलाय. त्याचं म्हणणं असं : 'फक्त माझं मन आहे, एवढीच मला खात्री. तू, ही मेस, सबमिशन्स, सगळं माझ्या मनातलं चित्र असेल. नाही म्हणतोस तर सिद्ध करून दाखव.' मी त्याला चांगला सणसणीत चिमटा काढला. तो म्हणाला, दुखलं, पण ते दुखणंही माझ्याच मनातलं. जेवणापासून रात्री दीडपर्यंत भांडलो आणि हरलो. हे मत खोडता येतं की नाही, एवढं एकदा सांगून टाका.
— एक वाचक, पुणे

उत्तर : नाही खोडता येत. म्हणजे तुझा रूममेट ज्या तऱ्हेने खोडून मागतोय, त्या तऱ्हेने नाही. हे आधीच सांगते, नाहीतर तू हुकमाचा पत्ता शोधत शेवटपर्यंत वाचत बसशील. पण म्हणून तो जिंकला असंही नाही. त्याला जिथे थांबायचंय तिथे त्याला थांबता येत नाही, आणि हे त्याला दाखवून देता येतं.

आधी तुझ्या चिमट्याचं बघू. तो प्रकार फार जुना आहे. १७६३ साली इंग्लंडमधल्या हार्विच गावात चर्चमधून बाहेर पडल्यावर चरित्रकार बॉस्वेल कोशकार डॉ. सॅम्युएल जॉन्सनना म्हणाला, की जड पदार्थ असे नाहीतच हे बिशप बर्कलीचं म्हणणं खोटं आहे हे कळतं, पण खोडता येत नाही. जॉन्सननी शेजारच्या मोठ्या दगडावर पाय उसळून मागे येईल अशी जोरदार लाथ हाणली आणि म्हणाले, 'मी ते असं खोडतो.' गोष्ट झकास आहे. पण मी कनिष्ठ महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवायचे, आणि बारावीच्या पेपरात हे कोणी लिहिलं असतं तर मी गुण दिले नसते. दगड कठीण लागतो, पाय दुखतो, हे बर्कलीने कधी नाकारलंच नव्हतं. शिवाय तो बिचारा 'फक्त मीच' म्हणणाऱ्यांतला नव्हताच. त्याच्या जगात देव होता, इतर आत्मेही होते.

१९३९ मध्ये इंग्लिश तत्त्वज्ञ जी. ई. मूर यांनी ब्रिटिश अकॅडमीतल्या व्याख्यानात बाह्य जगाची सिद्धता म्हणून काय केलं? एक हात वर करून 'हा एक हात' म्हटलं, मग दुसरा करून 'हा दुसरा'. झाली सिद्धता. वर्गात हे सांगितलं की पोरं हसायची, आणि मागच्या बाकावरून दोन्ही हात वर यायचे. पण मूर वेंधळा नव्हता. त्याचा रोख असा, की 'हा माझा हात आहे' हे मला जितकं पक्कं ठाऊक आहे, तितकं पक्कं तुझं कुठलं विधान आहे ज्याच्या जोरावर मी हातावर शंका घ्यावी? हे तू रूममेटला जरूर विचार. 'मला फक्त माझ्या मनाचीच खात्री असू शकते' हे त्याला आभाळातून मिळालेलं सत्य नाही. तो एक सिद्धान्त आहे, आणि तो व्हिडिओतून आलाय.

तरीही तो म्हणेल, हात दिसण्यात फसगत होऊ शकते, मन असण्यात नाही. देकार्तनेही १६४१ मध्ये इथूनच सुरुवात केली होती. खिडकीतून रस्त्यावरची माणसं पाहताना त्याने लिहिलंय, की मला दिसतात त्या टोप्या आणि अंगरखे. आत यंत्रंही असू शकतील. फरक इतकाच, की देकार्तला तिथून बाहेर पडायचं होतं. तुझ्या मित्राला तिथेच खाट टाकायचीय.

आता त्याची खरी चलाखी कुठे आहे ते बघ. तो दोन वेगळी वाक्यं आलटून पालटून वापरतो. एक, 'फक्त मीच आहे.' दुसरं, 'माझ्याखेरीज कोणी आहे याची मला खात्री नाही.' पहिलं वाक्य हा दावा आहे. दावा करणाऱ्याने पुरावा द्यायचा असतो, आणि त्याच्याकडे तो नाही. तू पहिल्यावर हल्ला चढवलास की तो दुसऱ्यात शिरतो आणि म्हणतो, 'मी कुठे म्हणालो तू नाहीस? तू सिद्ध कर.' तू दमून झोपलास की पुन्हा पहिलं वाक्य अंगावर घेऊन झोपतो. दीड वाजेपर्यंत तुझं हेच झालं असणार. कोणतं वाक्य, ते आधी कागदावर लिहून घे.

दावा करणाऱ्याची एक गंमत बर्ट्रांड रसेलने १९४८ च्या पुस्तकात सांगितली आहे. क्रिस्टीन लॅड-फ्रँकलिन या मोठ्या तर्कशास्त्रज्ञ बाईंचं त्याला पत्र आलं, की मी सॉलिप्सिस्ट आहे, आणि बाकीचे कोणी कसे नाहीत याचं मला नवल वाटतं. रसेलला नवल वाटलं ते त्यांच्या नवलाचं.

पण हसण्याने खंडन होत नाही. 'मग तू माझ्याशी बोलतोस कशाला?' हा टोमणा तू मारून पाहिला असशीलच. तो म्हणू शकतो, स्वप्नातल्या माणसांशीही मी बोलतो. बरोबर आहे त्याचं.

तेव्हा दुसरं वाक्य, शंकेचं, घेऊ. ते दमदार आहे, आणि त्यावरचा सर्वांत कसदार वाद, माझ्या मते, युरोपात नव्हे, आपल्याकडे बौद्ध तर्कशास्त्रज्ञांत झाला. सातव्या शतकातल्या धर्मकीर्तीने 'सन्तानान्तरसिद्धि' नावाचा छोटा ग्रंथ लिहिला. सन्तान म्हणजे चित्ताचा प्रवाह. आपल्याहून वेगळा प्रवाह आहे हे सिद्ध करायचं. मूळ संस्कृत हरवलं, तिबेटी भाषांतर उरलं. त्याची अडचण तुझ्याहून मोठी होती. तो स्वतः विज्ञानवादाच्या (सगळं चित्तातलंच, बाहेर वस्तू नाहीत, या बौद्ध मताच्या) बाजूने बोलत होता, म्हणजे बाहेरच्या वस्तूही त्याला हाताशी नव्हत्या. त्याचा युक्तिवाद असा : माझं बोलणं-चालणं माझ्या इच्छेमागोमाग होतं, हे मला आतून ठाऊक आहे. पण माझ्या अनुभवात असंही बोलणं-चालणं येतं ज्याच्या आधी माझी इच्छा नव्हती. इच्छेवाचून अशी क्रिया होत नाही. म्हणून ती इच्छा दुसऱ्या कोणाची तरी. आणि बाह्य वस्तू मानणाऱ्यांना त्याने सुनावलं, की दुसऱ्याचं मन तुम्हालाही दिसत नाही. तुम्हीही अनुमानच करता, मग मला का हसता?

या शेवटच्या मुद्द्यावर थांब जरा. रूममेटला वाटतं ही अडचण तुझी आहे. तुला वाटतं ती त्याची आहे. खरं तर ती दोघांची आहे.

धर्मकीर्तीला उत्तर त्याच्याच घरातून मिळालं. अकराव्या शतकात विक्रमशिला विहारातल्या रत्नकीर्तीने 'सन्तानान्तरदूषण' लिहिलं. राहुल सांकृत्यायनांनी तिबेटात शोधलेल्या हस्तलिखितांमुळे ते आपल्याला संस्कृतात वाचायला मिळतं. १९५७ मध्ये पाटण्याहून ते छापून आलं. रत्नकीर्तीचा घाव नेमका आहे. धुरावरून अग्नीचं अनुमान चालतं, कारण धूर आणि अग्नी आपण स्वयंपाकघरात एकत्र पाहिलेले असतात, आणि संशय आलाच तर डोंगरावर चढून बघता येतं. दुसऱ्याची इच्छा आणि त्याचं बोलणं तू एकत्र कधी पाहिलंस? पाहिली ती फक्त स्वतःची इच्छा. मग व्याप्ती, म्हणजे 'हे असलं की ते असतंच' हा नियम, बसवणार कशी? पाश्चात्त्यांत जॉन स्टुअर्ट मिलने १८६५ मध्ये साम्यावरून हेच अनुमान केलं, त्यावरही हाच आक्षेप येतो. एका उदाहरणावरून सगळ्या मनुष्यजातीबद्दल निष्कर्ष. अकरावीच्या मुलालाही मी हे करू दिलं नसतं.

म्हणजे शंका टिकली? टिकली. आता तिला चालायला लाव.

रूममेट म्हणतो, 'जे मला आत्ता थेट अनुभवाला येत नाही, त्याची खात्री नाही.' ठीक. कालची रात्र त्याला आत्ता थेट अनुभवाला येते का? येते ती आठवण. आठवण ही आत्ताची गोष्ट आहे. ती ज्याची आठवण आहे ते घडलंच असेल, याला पुरावा कुठला? दुसऱ्याचं मन आणि स्वतःचा काल, दोन्ही सारखेच हाताबाहेर. ज्या सुरीने त्याने तुला कापलं, त्याच सुरीने त्याचा कालचा दिवस, त्याचं बालपण, त्याचं नाव, सगळं कापलं जातं. जॉर्ज सांतायनाने १९२३ मध्ये हा हिशेब शेवटपर्यंत नेला : प्रामाणिक संशयवादी 'या क्षणाच्या' पलीकडे जाऊ शकत नाही, आणि त्या क्षणात 'मी' म्हणून उभी राहील अशी कुठली व्यक्तीही उरत नाही. उरतं काय? काहीतरी भासतंय, एवढंच. 'फक्त मीच आहे' यातला 'मी' तर केव्हाच वाहून गेला.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते तुला पटलं नाही तरी चालेल. सॉलिप्सिस्ट खोटा आहे हे दाखवता येत नाही. तो अर्ध्या वाटेत उतरलाय, हे मात्र दाखवता येतं. इतरांची मनं नाकारायला जी कडक कसोटी तो लावतो, ती स्वतःच्या कालच्या मनाला लावत नाही. तिथे तो आठवणीवर विश्वास टाकतो, तुझ्या-माझ्यासारखाच. टाकू दे की! पण मग तोच विश्वास समोर बसलेल्या माणसाला का नाही? याला तर्काचं उत्तर त्याच्याकडे नाही. सोय आहे फक्त.

भाषेचंही तसंच. विट्गेनस्टाइनचा मुद्दा (त्याचं पुस्तक १९५३ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर आलं) आपल्या शब्दांत मांडायचा तर असा : 'दुखतंय' हा शब्द तुझ्या मित्राने स्वतःच्या आत डोकावून बनवला नाही. तो पडला, रडला, आणि कोणीतरी 'कुठे दुखतंय बाळा?' असं विचारलं, तेव्हा तो शब्द त्याला मिळाला. समजा हेही चित्रच. मग कालचं दुखणं आणि आजचं दुखणं एकच, हे तो कशावर ताडून बघतो? स्वतःच्या वाटण्यावर. आणि जिथे जे वाटेल ते बरोबर, तिथे बरोबर-चूक ही भाषाच संपते. यावरून त्याची आई खरी होती हे सिद्ध होत नाही, हे मी मान्य करते. काही जण या युक्तिवादाला नको इतकं मोठं करतात. पण 'फक्त माझंच मन' हे वाक्य अर्थपूर्ण राहायला ज्या गोष्टी लागतात, त्याच त्याने आधी फेकून दिल्यात, हे दिसतं.

शोपेनहाउअर तापट माणूस, पण त्याने हे प्रकरण दोन ओळींत मिटवलं. त्याच्या मते हे मत म्हणजे सरहद्दीवरची छोटी गढी. ती जिंकता येत नाही खरी, पण आतल्या शिबंदीलाही कधी बाहेर पडता येत नाही. तेव्हा तिला पाठीशी टाकून खुशाल पुढे जावं.

तर आज मेसमध्ये त्याला फक्त इतकं विचार : 'काल आपण दीडपर्यंत वाद घातला, हे तुला कशावरून ठाऊक?' आणि मग तू गप्प बस. त्याला बोलू दे. सबमिशन मात्र दोघांनीही वेळेवर द्या.

प्रश्न : गेल्या अंकात आपण या विषयाचा ओझरता उल्लेख केला होता. मी निवृत्त शिक्षक आहे, वेदान्ताचं थोडंफार वाचन आहे. 'अहं ब्रह्मास्मि', 'जगन्मिथ्या' हे दुसरं काय आहे? आपलं तत्त्वज्ञान हाच अहंमात्रवाद (सॉलिप्सिझम) नव्हे काय? मग पाश्चात्त्यांच्या दारात जायचं कारण काय?
— एक ज्येष्ठ वाचक, सातारा

उत्तर : सर, नमस्कार. वरच्या उत्तरात विक्रमशिलेला जाऊन आले आहे, तेव्हा पाश्चात्त्यांच्या दाराबद्दलची तक्रार निम्मी मागे घ्यावी ही विनंती.

'अहं ब्रह्मास्मि' मधला 'अहं' म्हणजे पेन्शन घेणारे आपण किंवा चष्मा शोधणारी मी नव्हे. सॉलिप्सिस्ट जग घालवतो आणि स्वतःची व्यक्ती ठेवतो. वेदान्ती ती व्यक्तीही जगाच्याच रांगेत उभी करतो. आणि शंकराचार्यांनी तर 'सगळं मनातच आहे' म्हणणाऱ्यांना ब्रह्मसूत्रभाष्यात (२.२.२८) चांगलंच झोडपलंय. खांब दिसतो तेव्हा खांब दिसतो, 'खांबाचं ज्ञान' दिसत नाही, असं ते म्हणतात. विज्ञानवादी म्हणतो, आतलीच गोष्ट 'बाहेर असल्यासारखी' भासते. आचार्य विचारतात, बाहेर असं काही नसेलच, तर 'बाहेर असल्यासारखी' हे म्हणता कशाच्या जोरावर? विष्णुमित्र वांझेच्या मुलासारखा दिसतो, असं कोणी म्हणतं का? पुढच्याच सूत्रावर ते सांगतात, की जागेपण स्वप्नासारखं नाही. स्वप्न जाग आल्यावर खोटं ठरतं, जागेपणी पाहिलेला खांब तसा कुठल्याच अवस्थेत खोटा ठरत नाही. हे सगळं शिष्यांना पाठ असतं, पण व्याख्यानमालेत 'जग म्हणजे स्वप्न' हेच टाळ्या घेतं.

आता आपल्या बाजूचंही सांगते, कारण आपण अगदीच चुकीचं बोलत नाही. पुढच्या अद्वैतात दृष्टिसृष्टिवाद (पाहणं हीच सृष्टी) आणि एकजीववाद (जीव एकच) आले. प्रकाशानंदांनी त्यांची बाजू हिरिरीने मांडली. अप्पय्य दीक्षितांनी सोळाव्या शतकात 'सिद्धान्तलेशसंग्रहा'त अद्वैत्यांची वेगवेगळी मतं नोंदवली, त्यात एक असं आहे : जीव एकच, आणि त्याचं सजीव शरीरही एकच, बाकीची शरीरं स्वप्नात दिसणाऱ्या शरीरांसारखी निर्जीव. पुण्याच्या त्या मुलाच्या रूममेटने हे वाचलं तर नाचेल! पण मग पूर्वी मुक्त झालेल्या शुकाचं काय? आणि उपदेश करणारा गुरू कोण? उत्तर ठरलेलं : तेही स्वप्नातलेच, स्वप्नातला वाघही झोपलेल्याला जागं करतोच की. मला हे उत्तर चतुर वाटतं, समाधानकारक नाही. कारण ते मानायला शिष्यही तोच एक जीव हवा, आणि ग्रंथ तर पुष्कळांसाठी लिहिलेला असतो.

मराठीत याहून सुंदर वाट आहे. परंपरा सांगते, चांगदेवांना ज्ञानदेवांना मायना काय लिहावा हे सुचेना, वयाने लहान आणि ज्ञानाने मोठे म्हणून, आणि त्यांनी कोराच कागद पाठवला. त्याला उत्तर म्हणून पासष्ट ओव्या गेल्या. त्यात अद्वैत शिगोशीग भरलंय, पण पाहणारा एकटा उरत नाही. दोघं एकमेकांना पाहणारे दोन डोळस आरसे होतात, आणि भेद सुटतो तो दोन्हीकडून. 'तू नाहीस, मीच आहे' असं ज्ञानदेव कुठेच म्हणत नाहीत. 'मी' आणि 'तू' एकदमच सोडायचे, एकट्या 'तू'ला बाहेर काढायचं नाही. सॉलिप्सिझमपासून ही गोष्ट फार दूरची आहे, सर.

प्रश्न : हा तत्त्वज्ञानाचा प्रश्न आहे की नाही, मला माहीत नाही. काही आठवड्यांपासून आजूबाजूची माणसं काचेपलीकडे असल्यासारखी वाटतात. आईशी बोलतानाही ती खरी आहे ना, असं मनात येतं. खरी आहे हे कळतं, पण वाटत नाही. झोप नीट लागत नाही. नेटवर शोधलं तर सॉलिप्सिझम हा शब्द मिळाला आणि भीती वाढली. त्याचं खंडन वाचलं तर बरं वाटेल का?
— नाव नको

उत्तर : नाही, बाळा. वरची दोन्ही उत्तरं तुझ्यासाठी नाहीत. ती पुन्हा पुन्हा वाचत बसू नकोस.

पुण्याच्या त्या मुलाच्या रूममेटला तसं काही वाटत नाही. तो नुसता म्हणतो. तुला वाटतं, आणि ते खरं नाही हे तुला कळतंही. या दोन गोष्टी एकदम वेगळ्या आहेत. तू लिहिलंयस तसल्या अनुभवाला डॉक्टर डीरिअलायझेशन म्हणतात. जागरण, सततची काळजी, घाबरण्याचे झटके, गांजासारखी नशा, यांतून तो येऊ शकतो आणि पुष्कळांना कधी ना कधी येतो. तो वेड लागल्याची खूण नव्हे. 'कळतं पण वाटत नाही' हे तू इतकं नेमकं लिहिलंयस, तेच वाक्य डॉक्टरांना सांग.

गावात मानसोपचारतज्ज्ञ नसतील तर आधी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या नंबरवर आहे, फोनला पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. जाताना झोप किती होते, हे कधी सुरू झालं, काही औषध किंवा नशा घेत असशील तर तेही, कागदावर लिहून ने; समोर बसल्यावर आठवत नाही. आणि आईला सांग. ती खरी आहे का, हा प्रश्न तिला विचारायला लाजू नकोस, फक्त रात्री उशिरा नको, सकाळी चहाच्या वेळी विचार.